पसंती कुणाची

झेरॉक्स काढायला नेट कॅफेत गेले होते. शेजारी एक मुलगी विद्यापीठ प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरत होती आणि तिचे मामा मागे उभे राहून पसंतीक्रम सांगत होते. पहिलं, जिथं नोकरी हमखास लागते म्हणतात. दुसरं, जिथून मावशीचं घर जवळ आहे. तिसरं, जिथं शेजाऱ्यांचा मुलगा गेला. पसंतीक्रम म्हणायचं, पण पसंती कुणाची, हे त्या अर्जात कुठंच विचारत नाहीत. माझा अर्ज दादाने भरला होता, मी फक्त सही केली. तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी बाकावर बसल्यासारखी बसले.

यादी संपली. मुलीने सातव्या क्रमांकाचं विद्यापीठ उचलून पहिलं केलं.

"तिथं आपलं कोण आहे?" मामा म्हणाले.

"कुणी नाही. मी एकटी जाऊन बघून आलेय. तुला काय शिकायचंय, असं तिथल्या मॅडमनी विचारलं. घरात अजून कुणी विचारलेलं नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाईने चार शब्द समजुतीचे सांगावेत, अशी अपेक्षा असावी. अर्ज एकदा लॉक केला की बदलता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

मी मुलीला म्हटलं, "लॉक कर."