सरांनी न विचारलेला प्रश्न

माझ्या सासूबाईंची भर सभेत अब्रू काढणारे सर आज गेले.

सकाळपासून अहमदपूरच्या ग्रुपवर त्यांचेच फोटो. थोर माणूस, इतिहास लोकांपर्यंत नेला वगैरे.

नेला की. आमच्या अंगणातून उचलून नेला.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. पाऊस नव्हता. आमच्या भागातले सगळे आड आटले, आमच्या आडाला तेवढं पाणी.

त्याच वर्षी विद्यापीठानं सगळ्या लोकांसाठी व्याख्यानं ठेवली. विषय, आपल्या भागाचा सामाजिक इतिहास.

आपल्या व्याख्यानासाठी माहिती काढायला सर घरी आले. दोन वेळा चहा घेतला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना खोदून खोदून विचारलं.

त्या भोळेपणानं बोलल्या, "आमच्या घरचा पोहरा बौद्धवाड्यातल्या बायांना शिवू देत न्हाईत. वरून वततेत घागरीत. लई वंगाळ हाय बाबा, पण हाय."

कोण ओततं?

एवढंच सरांनी विचारलं नाही. समोर म्हातारी बसलेली. तीच ओतते, असं धरून चालले.

आठ दिवसांनी कॉलेजच्या हॉलमध्ये आम्हाला मानानं पहिल्या रांगेत बसवलं.

आणि सर माईकवरून म्हणाले, "याच गावात, या दुष्काळातसुद्धा, एक म्हातारी पाण्याचं सोवळं पाळते."

सगळ्या माना आत्याबाईंकडं वळल्या.

मागं बौद्धवाड्यातल्या गयाबाई बसल्या होत्या. रोज आमच्याकडं घागर घेऊन येणाऱ्या. त्या मात्र माझ्याकडं बघत होत्या.

घरी येताना मी चिडून म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही उठून बोलला का न्हाईत?"

"मी अडाणी. तू तर मॅट्रिक हाईस. तू का उठली न्हाईस?"

त्यानंतर त्या मरेपर्यंत कुठल्या सभेला गेल्या नाहीत. कीर्तनालासुद्धा नाही.

सर, मी तुमच्यावर दात धरला तो आजतागायत. एवढे शिकलेले तुम्ही, परत येऊन एकदा विचारायचं तरी! तुमच्या पुस्तकातही ती म्हातारी तशीच छापली म्हणे.

आता तुम्ही दुरुस्ती करणार नाही. मी करते.

आत्याबाई गयाबाईंना म्हणायच्या, "भर गं तुझ्या हातानं, या उन्हात कसला इटाळ!"

पोहरा हिसकून घेणारी मी होते. उपास-तापास करणारी, रोज पोथी वाचणारी, घरातली एकटी शिकलेली सून.

आत्याबाई गेल्या. गयाबाई गेल्या. आज तुम्हीही.

श्रद्धांजली, सर.

भावपूर्ण लिहायला हात धजत नाही.