येळवशीच्या आधीची गोळी

आंबिलीचा आंबूस वास आला की लातूरच्या दवाखान्यातलं ते बाकडं आठवतं. मला एचआयव्ही निघाल्याचं नुकतंच कळलं होतं आणि डॉक्टरीणबाई आजच गोळी सुरू करा म्हणत होत्या. आमच्या गावात पूर्वी एकाला या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या त्या अंथरुणाला खिळल्यावर, म्हणून गोळी म्हणजे शेवट, असं माझ्या डोक्यात पक्कं. "मी धडधाकट हाय. येळवशीला रानात सगळ्यांसंगं एकदा जेवतो, मग बघू," मी म्हणालो. येळवस, म्हणजे वर्षातून एकदा वेळ अमावस्येला रानात आंबील-जेवणाचा सण, तोंडावर आली होती. बाकड्यावर औषधाला आलेली म्हातारी हसली. "मी बी हेच म्हणलं होतं, बाबा. बाईंनी न्हाई ऐकलं माझं. गोळी घेत घेत पाच येळवशी जेवले." पहिली गोळी मी तिच्याच बाटलीतल्या पाण्यानं गिळली. आज रानात लेक आंबील वाढत होती. ही कितवी येळवस, ते मोजायचं मी कधीच सोडून दिलंय.