बसलेला वजीर

रंगुबाईंच्या हातचा पोळ्याचा मातीचा बैल कधी पाय मोडून पडला नाही, हे आमच्या गावात लहानथोरांना पाठ आहे. नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठावरचं आमचं गाव. इथली माती लोण्यासारखी. पण बोटं पाण्याच्या वाटीत बुडवून वळायला घेतली की ती फक्त रंगुबाईंचं ऐकते. निदान रंगुबाई तसं सांगतात, आणि साठीच्या बाईला खोटं पाडायला गावात कुणाला सवड आहे?

त्यांची सून मोनिका घरीच केक करते, मोबाईल पाहून शिकलेली. अजिनाथनानांनी आपल्या शर्यतीच्या बैलाच्या, वजीरच्या वाढदिवसाला केक सांगितला. वर हुबेहूब वजीर उभा पाहिजे, ही अट. मोनिकाची ही पहिलीच मोठी ऑर्डर. तिने फॉन्डंट मळलं. फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीकच. पांढरी, मऊ, वळवाल तशी वळणारी. त्याचा बैल केला, तर शेजारीण कौतुकाने म्हणाली, शेळी छान जमली.

मग रंगुबाईंनी पदर खोचला आणि पाण्याची वाटी ओढली. मोनिका "आत्या, पाणी नको" म्हणेपर्यंत शिंगं वळली, वशिंड चढलं, पाठ आरशासारखी झाली. जिनं नदीची माती माणसाळवली, तिला साखरेचं काय कौतुक, असं सुनेला सुनावून त्या शेजारी चहाला गेल्या. परत येईतो वजीरचे पाय विरले होते. बैल पोटावर आला होता.

मोनिका रडकुंडीला आली. फॉन्डंट संपलेलं, नाना तासाभरात येणार. साखर पाण्याने विरते, बोटांना कॉर्नफ्लॉवर लावायचं असतं, असं तिने हळूच सांगितलं. रंगुबाईंनी पाण्याची वाटी बाजूला सारली. गावाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग ते पीठ चिमटीत चोळून त्या पुटपुटल्या, "म्हंजी आमची राखच की." मडकं थापताना चिकटू नये म्हणून लावतात, ती राख. कोरड्या बोटांनी त्यांनी उरलेसुरले पाय दुमडून पोटाखाली घातले, मान डावीकडे वळवली, डोळे अर्धे मिटवले.

नाना आले. केकभोवती एक फेरी मारली.

"रंगुबाई, माझा वजीर बसत न्हाई. आख्खा तालुका त्याला पळतानी बघतो."

"पळतानी तालुका बघतो," रंगुबाई म्हणाल्या. "रवंथ करतानी घरचाच मानूस बघतो. तुमी कधी बघितला न्हाई व्हय?"

आता नाही म्हणायची सोय नव्हती. नाना त्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांकडे वाकून पाहू लागले.

"डावीकडंच मान टाकतो," ते शेवटी म्हणाले, आणि केक मांडीवर घेऊन गाडीतून गेले.

तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून बसलेल्या बैलालाच मागणी आहे. उभा कुणीही करतं, बसवायला हात लागतो, असं रंगुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मोनिका मान डोलावते. फक्त काम सुरू व्हायच्या आधी पाण्याची वाटी गुपचूप मोरीत ठेवून येते.