पोळ्याच्या लेखाखाली बूट

एकाच स्टाफरूममध्ये पंधरा वर्षं चहा प्यायला की किस्से आपोआप साठतात. त्यात मी ब्लॉग सुरू केला, त्यावर जाहिराती घेतल्या आणि आमच्या अहमदपूरच्या शाळेला रोजचा खुराकच मिळाला! या जाहिराती मी निवडत नाही. कंपनीचं मशीन लेख वाचतं, विषय ओळखतं आणि आपल्या मनानं जाहिरात लावतं. त्याला माझ्या मराठीतलं काय कळलं असेल, याची मला भारी उत्सुकता. लेख टाकला की पहिली मीच खाली जाऊन बघते.

*

पोळ्याला बैलांवर लिहिलं. खांदेमळणी, झूल, नैवेद्य, सगळं जीव ओतून. खाली जाहिरात आली, अस्सल चामड्याचे बूट!

गणिताचे गायकवाड सर मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, “मॅडम, बैलांना दाखवू नका.”

*

मग लग्नानंतरच्या पहिल्या भांडणावर लिहिलं. लेख गमतीचा होता, पण मशीनला गंमत कुठली कळायला? त्यानं घटस्फोटाचा सल्ला देणारा वकील आणून बसवला. आमच्या ह्यांनी लेख एकदा वाचला, जाहिरात दोनदा. त्या दिवशी भांडी त्यांनी घासली. तो लेख मी अजून काढलेला नाही.

*

गायकवाड सरांच्या मुलीचं लग्न लातूरला झालं. मी आहेर केला, तो सरांच्या मनात राहिला. जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की मला फायदा होतो, एवढं त्यांनी कुठूनतरी ऐकलेलं. त्यांनी व्याह्यांसकट सगळा गोतावळा कामाला लावला. कंपनीला संशय आला आणि माझ्या जाहिराती महिनाभर बंद!

मी सरांना समजावलं, आपल्या माणसांनी मुद्दाम क्लिक केलेलं कंपनीला चालत नाही. सर जाम रागावले.

“झालेला आहेर फेडावा लागतो, मॅडम. कंपनीवाल्यांच्यात लग्नं होत न्हाईत का?”

*

माझे वडील, आबा, उमरीजवळच्या गावी राहतात. माझा प्रत्येक लेख वाचतात, पण लेखाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. एकदाच बोलले, तेही जाहिरातीवर. “पिकाच्या मधून वाट काढून राहिली का? बांधावर लाव.” मी मधली जाहिरात मुकाट्यानं तळाशी नेली.

*

माय जाऊन वर्ष झालं. आबा तिचं नाव काढत नाहीत, दुसऱ्यानं काढलं तर उठून जातात. मला त्यांचं ते गप्प राहणं सहन होईना. शेवटी मी मायवर लिहिलं. आबांसाठीच लिहिलं, त्यांनी तिच्याबद्दल एक शब्द तरी बोलावा म्हणून. मशीन तिच्या शेजारी काय आणून ठेवील, याची पहिल्यांदाच भीती वाटली. त्या एका लेखापुरत्या मी सगळ्या जाहिराती बंद केल्या.

तीन दिवस आबांचा फोन नाही. चौथ्या दिवशी आला.

“वाचलं,” म्हणाले. मग त्यांनी विचारलं,

“यात जाहिरात कशी न्हाई गं? तुझी माय पेपरात आधी त्याच वाचायची. एखादी साडीची लाव.”