फ्रिजवरचा पदवीधर

नेपरव्हिलच्या आमच्या घरी फ्रिजवर चुंबकानं लावलेला एक कागद होता, आणि तो मीच लावला होता. मुलगा ज्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग शिकत होता, तिथल्या मेकॅनिकल-एरोस्पेस डिपार्टमेंटनं मला सल्लागार समितीवर घेतलं होतं. पंपांच्या कंपनीत उभी हयात घालवलेला माणूस म्हणून. दोन हजार चारची गोष्ट असेल. आमचा पदवीधर बाहेर पडल्यावर काही वर्षांनी कसा असावा, हे मोजक्या वाक्यांत लिहायचं, एवढंच समितीचं काम.

एरवी मला समित्यांचा तिटकारा आहे. पण इथे मी रमलो. आम्ही विंड टनेलच्या, म्हणजे पंख्यानं जोराचा वारा सोडून चाचण्या घ्यायच्या बोगद्याच्या, शेजारच्या खोलीत बसायचो. टनेल सुरू झाला की भिंत घुमायची आणि कपातली कॉफी थरथरायची. विभागप्रमुख बाई त्या पदवीधराला नुसतं 'तो' म्हणायच्या. तो हे करेल का, असं विचारताना टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायच्या. हळूहळू आम्ही सगळेच तिकडे बघून बोलायला लागलो. हादऱ्यांनी ती खुर्ची मीटिंग संपेपर्यंत जराशी आमच्याकडे वळलेली असायची. कंपनांचं गणित खोलीतल्या प्रत्येकाला येत होतं, तरी तिला हात लावून कुणी सरळ करत नसे.

मसुदा चांगला झाला होता. तो विज्ञान खऱ्या अडचणींना लावील. वेगळ्या स्वभावाच्या माणसांबरोबर काम करील. आपलं म्हणणं स्पष्ट मांडील. चूक झाली तर आधी स्वतः सांगेल. आयुष्यभर शिकत राहील. यातलं चूक कबूल करण्याबद्दलचं वाक्य माझं, त्यासाठी मी दोन प्रोफेसरांशी कडाकडा भांडलो होतो. म्हणून तो कागद कौतुकानं फ्रिजवर गेला.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मुलगा घरी आला. तिसरं वर्ष होतं त्याचं. बोलत फारसा नव्हता, पण तो कधीच फार बोलका नव्हता. एकदा फ्रिजपाशी बराच वेळ उभा दिसला, तेव्हा दार उघडं ठेवू नकोस म्हणून मी खेकसलो. मग बघितलं तर दार बंदच होतं.

त्यानंतर त्याचे रविवारचे फोन बदलले. आधी 'फाइन' आणि 'बिझी' यांपलीकडे गाडी जात नसे. आता तो भरभरून बोलायला लागला. लॅबमधला पंप का खडखडतो, हे त्यानं गणितानं शोधून काढलं म्हणे. पुढच्या रविवारी टीममधल्या एका हट्टी मुलीशी कसं जुळवून घेतलं, ते सांगितलं. मग प्रेझेंटेशन छान झाल्याचं. माझी बायको फोन ठेवल्यावर गुणगुणत स्वयंपाक करायची. मीही ऑफिसात चार जणांना सांगून आलो.

जानेवारीत एका रविवारी मी फोन कानाला लावून पाणी प्यायला फ्रिजपाशी गेलो होतो. मुलगा सांगत होता, "बाबा, माझं एक कॅल्क्युलेशन राँग होतं. कुणाच्या लक्षात नव्हतं आलं. आय टोल्ड द प्रोफेसर मायसेल्फ." माझ्या डोळ्यांसमोर तेच वाक्य होतं. त्याच्या वरची तीन मी गेल्या रविवारांत ऐकली होती, याच क्रमानं. पुढच्या रविवारी तो काय सांगणार, तेही मला तिथे वाचता येत होतं. फोनवर माझ्याशी हसून बोलणारा हा नक्की कोण, असं मला खरोखर वाटलं, आणि मी घाबरलो.

पुढच्या रविवारी समितीचं काम आहे अशी थाप बायकोला मारून मी गाडी काढली. रस्ताभर दोन्ही बाजूंना बर्फानं भरलेली शेतं होती आणि आभाळही त्याच रंगाचं. दुपारी त्याच्या खोलीवर पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले, आणि मुलगा जाकीट घालून पलंगावर बसलेला. मला बघून दचकलाही नाही. वर्गात कधीपासून गेला नाहीस, असं मी विचारलं. सप्टेंबर, तो म्हणाला. का, ते त्यालाही सांगता येईना. सकाळी उठायचं म्हटलं की हातपाय आपले वाटत नाहीत, एवढंच म्हणाला. ओरडायची माझी सवय, पण त्या दिवशी ओरडलो नाही. मी त्याच्याशेजारी बसून राहिलो.

तेवढ्यात त्याचा सेलफोन वाजला. रविवारची वेळ झाली होती, आणि त्याचा फोन आला नाही म्हणून त्याच्या आईनंच लावला होता. त्यानं उचलला.

"हाय आई. येस, ऑल गुड. अगं, मी एक नवीन सॉफ्टवेअर शिकतोय, ऑन माय ओन..." तोच आवाज, उत्साहानं भरलेला. चेहऱ्यावर मात्र ओठांखेरीज काही हलत नव्हतं. डोळे समोरच्या भिंतीवर. मी इतक्या जवळ बसलो होतो, तरी तो आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असावा असं वाटत होतं. मला ते बघवेना. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि 'नको' अशी मान हलवली.

तो थांबला. मग जड, खोल गेलेल्या आवाजात, जो मीही आजच पहिल्यांदा ऐकला होता, तो म्हणाला, "आई, मला बरं नाहीये."

पलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं, ही विचारत होती, "हॅलो? कोण बोलतंय?"