डाव्या सीटवरचा बीपी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किस्से शोधाले जावं लागत नाही. तुम्ही आपले सरळ चालून राहता, आणि किस्सा राँग साइडनं येते. मी प्रताप नगरात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. तिथं पाह्यलेलं घरी सांगतलं तर आई म्हणते, "फेकू नको बे." म्हणून तुम्हाले सांगतो.

सारे किस्से वानखेडे काकाचे. काका आमचे सीनियर. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर, काका डावीकडे, आणि काकाच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. त्या ब्रेकवर अर्धं नागपूर जिवंत आहे. पण मागच्या उन्हाळ्यात काकाचा बीपी वाढलेला निघाला. असा, की डॉक्टरनं आधी मशीन बदललं, मग चेहरा बदलला.

आमच्या मॅडम, म्हणजे स्कूलच्या मालकीण, तेव्हाच बोलल्या, "काका, महिन्याभरात बीपी नॉर्मल असल्याचा दाखला आणा. नाहीतर डावी सीट सोडायची आणि ऑफिसात बसून फोन उचलायचे."

काका पांढरे पडले. "मी अन् खुर्चीवर? खुर्चीले ब्रेक असते काय?"

०

डॉक्टर आमच्याच गल्लीतले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "टेन्शन आलं की डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा."

दुसऱ्या दिवशी गाडीवर शोभाताई. शोभाताई शाळेत गणित शिकवतात, म्हणून गाडीतही सांगतलं तेवढंच करतात. समोरून सांड आला. काकाले टेन्शन आलं. काका मोठ्यानं बोलले, "डोळे मिटा... लांब श्वास घ्या..."

हे ते स्वतःले सांगून राहिले होते.

शोभाताईनं डोळे मिटले!

काकाच्या तब्येतीवर नजर ठेवाले त्या दिवशी मी मागच्या सीटवर. अख्ख्या गाडीत डोळे उघडे असलेला मी एकटाच, आणि माह्याकडे ब्रेक नाही! मी असा बोंबललो की सांडानंच रस्ता बदलला. काकाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि गाडी तर्री पोह्याच्या ठेल्यापासून वीतभर अंतरावर थांबली. ठेलेवाला झारा हातात घेऊन खिडकीत डोकावला.

"तर्री जास्त टाकू?"

०

मग मॅडम म्हणाल्या, गाडीत मन शांत करणारं म्युझिक लावा. पेनड्राइव्ह भरायचं काम मले दिलं, ही मॅडमची चूक. मी जगातली सगळ्यात संथ बासरी शोधली, आणि तिचा स्पीड आणखी कमी केला.

दुपारी काका बँकेतून रिटायर झालेल्या एका आजोबाले घेऊन गेले. अर्ध्या तासानं ऑफिसात फोन. ट्रॅफिक पोलीस!

"तुमची गाडी सिग्नलवर उभी आहे. अंदर दोघं बेशुद्ध आहेत!"

बाइक काढली, सुसाट पोचलो. काच वाजवली, दरवाजा उघडला, बासरी बंद केली. दोघंही उठून बसले. आजोबा म्हणाले, "हिरवा झाला काय?"

पोलीस आतापर्यंत चारदा हिरवा पाहून चुकला होता. त्यानं टोपी काढली, घाम पुसला, मले बाजूले घेतलं. मी म्हटलं, गेलो आता.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "ते गाणं मले पाठवता काय? घरी झोपच येत नाही."

०

डॉक्टरनं खर्राही बंद सांगतला होता. आता काका म्हणजे तंबाखू-सुपारीचा खर्रा जन्मघुट्टीत घेतलेला माणूस. कसा सुटन? मी त्यांच्या पन्नीतला खर्रा काढला आणि भाजलेली जवस अन् बडीशेप भरून ठेवली. वरतून नावापुरता चुना.

काकाले पत्ताच नाही! उलट टपरीवाल्याची तारीफ. "काय गा, माल कडक झाला आजकाल. डोक्याले झिणझिण्या येते."

चार-पाच दिवसांनी मले राहवलं नाही. सांगून टाकलं. काका खाली बसले, डोक्याले हात लावून. मी घाबरलो. म्हटलं, आता बीपी गेला वर.

"पोट्ट्या," ते म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस जवस थुकून राहिलो? अबे, डॉक्टरनं ती गिळाले सांगतली होती!"

०

मग काकूनं ठरवलं, एक दिवस गाडी नाही, शिकवणं नाही, रामटेकले जाऊन रामाचं दर्शन. आराम. बसमध्ये काकाले जागा भेटली ड्रायव्हरच्या मागंच.

बस निघाली आणि बंद पडली. परत निघाली, परत बंद. ड्रायव्हरनं आरशात पाह्यलं, घामाघूम झाला, सीट सोडून उठला आणि काकाच्या पायाच पडला.

"सर, मले तुम्हीच शिकवलं. तुम्ही मागं बसले की माहा क्लच सुटते!"

सगळ्या बसनं मिळून काकाले शेवटच्या सीटवर पाठवलं. तिथं बसून काकानं रामटेकपर्यंत नसलेला ब्रेक दाबला. काकू सांगत होत्या, आराम करून आले अन् पाय सुजला!

०

महिना सरला. गोळ्या चालू, खर्रा बंद, मीठ कमी, पण दवाखान्यातल्या खुर्चीत बसले की काकाचा बीपी चढलेला तो चढलेलाच. मॅडमनं ऑफिसातली खुर्ची पुसून ठेवली. काका त्या खुर्चीकडे पाह्यचेच नाही.

मग एक दिवस ते डॉक्टरले म्हणाले, "साहेब, तुम्ही मले गलत जागी मोजून राहिले. माह्या सीटवर मोजा."

डॉक्टर भला माणूस. मशीन घेऊन गाडीत आले, मागं माह्या बाजूले बसले, काकाच्या दंडाले पट्टा बांधला. तेवढ्यात शोभाताई आल्या, स्टिअरिंगवर बसल्या आणि गाडी काढली.

"अहो! गाडी कुठे चालली?"

"उभ्या गाडीत मले टेन्शन येते," काका म्हणाले. "आज महालचा क्लास आहे."

महालची गल्ली, म्हणजे जुन्या नागपुरातली चिंचोळी गल्ली. समोरून ई-रिक्षा, डावीकडून दुधाच्या कॅनवाला, मधात एक बाई गहू वाळवून राहिलेली. शोभाताईनं ब्रेक समजून ॲक्सिलेटर दाबला!

"आई गं!" डॉक्टरनं माही कॉलर धरली.

काकानं पाय हलकेच आपल्या ब्रेकवर ठेवला. गाडी थांबली. "छान. आता रिव्हर्स. डावा आरसा पाहा, ताई." आणि मान न वळवता म्हणाले, "डॉक्टर साहेब, हालू नका. रीडिंग चुकते."

मशीन वाजलं. नॉर्मल! डॉक्टरनं मशीन झटकलं, परत पट्टा फुगवला. गाडी उलटी गल्लीतून निघून राहिली, मागं सायकलवाले शिव्या देऊन राहिले, आणि काका नॉर्मल!

"गाडी थांबवा," डॉक्टर म्हणाले. खाली उतरले, बॉनेटवर कागद ठेवला आणि दोनदा पेन पाडून दाखला लिहिला.

काकानं दाखला घडी घालून खिशात ठेवला. दंडाचा पट्टा सोडला. मग डॉक्टरकडे नीट पाह्यलं.

"साहेब, आता तुमचा पाहू द्या."

डॉक्टरनं बाही वर केली.