पोह्यांचा डबा आणि कोळशाची वॅगन

"हे गेले गो..." एवढंच मावशी फोनवर बोलली. मी पेणला स्वयंपाकघरात उभी होते. रोह्याला जाताना आप्पाकाकांसाठी इथले जाड पोहे न्यायचे हा आमचा शिरस्ता. त्या दिवशीही सवयीनं पिशवी उचलली आणि निघाले. वडखळला गाडी अडकली तेव्हा मांडीवरच्या पिशवीकडे लक्ष गेलं, आणि मग रडू आवरेना.

आप्पाकाका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. उभी हयात एका वॅगन कारखान्याच्या डिझाइन खात्यात गेली. कोळसा वजनाला हलका, पण जागा फार खातो. मालगाडीचा डबा शिगोशीग भरला तरी पुरेसं वजन भरत नाही. डबा मोठा हवा आणि स्वतः हलका, म्हणजे त्याच गाडीतून जास्त कोळसा जाईल. काका आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं याच कामात बुडालेले. मला ते कळावं म्हणून काकांनी एकदा मावशीचा पत्र्याचा डबा आधी तांदळानं भरून उचलायला लावला, मग पोह्यांनी. तेवढ्यावर थांबले असते तर ते आप्पाकाका कसले! धक्क्यांनी माल कसा खाली बसतो, तेही दाखवायचं म्हणून डबा फरशीवर आपटत राहिले. मावशी धावत आली. "अहो, पोह्यांचा पार भुगा केलात! आता याचं काय करू, तुमच्या इंजिनात घालू?" मग त्या घरात बरेच दिवस भुग्याची थालीपिठं झाली आणि काकांनी ती निमूट खाल्ली.

वॅगन हलकी व्हावी म्हणून पत्रा पातळ केला होता. चाचणीसाठी भरलेल्या पहिल्याच वॅगनची बाजू बाहेर फुगली. "पोट सुटलं तिचं," असं काका हसत सांगायचे, पण ते त्यांना फार लागलं होतं. पुढे आधाराच्या पट्ट्या वाढवल्या, तशा वॅगन रुळांवर आल्या... तोवर काका निवृत्त होऊन रोह्याजवळ वरसे गावात, रुळांलगतच्या घरात राहायला आले होते. मालगाडीची चाहूल लागली की हातातलं टाकून फाटकाशी जायचे. आपल्या वॅगन टिकल्या की नाही, याचाच त्यांना घोर.

मग त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून फाटकाशी मावशी उभी राहू लागली आणि काका पडवीतल्या खुर्चीतून विचारू लागले, "सुमन, कुणाचं पोट सुटलंय?"

"नाय हो, सगळ्या सरळ हायत."

गेल्या दिवाळीत मी तिच्या शेजारी उभी होते. एक वॅगन चांगलीच फुगलेली होती. मावशीनं माझा हात दाबला आणि ओरडून सांगितलं, "सगळ्या सरळ!" जेवणानंतर ती आत गेल्यावर काका मला हळूच म्हणाले, "इतकी वर्षं राबल्यावर एखादीचं सुटणारच गो. पण मला कळतं, हे तिला सांगू नको. बिचारी किती जीव लावून खोटं बोलते..." मी ते अजून सांगितलेलं नाही.

परवा मी मावशीकडे गेले होते. खुर्ची पडवीतच आहे. तो डबाही आहे, बुडाला पोचे आलेला. मी नेलेले पोहे मावशीनं त्यातच ओतले. तेवढ्यात मालगाडी आली. मावशी हात पुसत फाटकाशी गेली, शेवटचा डबा जाईपर्यंत थांबली आणि परत येऊन खुर्चीपाशी उभी राहिली. या वेळी ओरडली नाही.

"एकीचं सुटलंय हो," ती म्हणाली. "पण चाललीय बघा... भरलेली."